वाटेत घटलेलं वजन

१

तिसरी तक्रार सोमवारी सकाळी आली. बाळ मांडीवर, एका हातात चमचा, दुसऱ्या हातात फोन, अशा अवस्थेत धाकटीने ती वाचली, आणि चमचा तिच्या हातात तसाच अधांतरी राहिला. बाळ आ वासून वाट बघत बसलं.

एका अनोळखी माणसाने तिला चोर म्हटलं होतं. आडून आडून नव्हे, तोंडावर.

‘घड्याळ स्वस्तात सोडायचं आणि टपालात गिऱ्हाईक कापायचं, हा धंदा जुना आहे,’ त्याने लिहिलं होतं. ‘तुम्ही माझ्याकडून साडेचार किलोचं टपाल घेतलंत. खोक्यावरच्या चिठ्ठीवर वजन तीन किलो आहे आणि टपालाचे पैसेही तेवढ्याचेच आहेत. फोटो जोडला आहे. लंबक कसा अडकवायचा, हे सांगण्याचीही तसदी घेतली नाहीत. बापाचं नाव लावून धंदा करता, निदान त्याची तरी लाज ठेवा.’

शेवटचं वाक्य धाकटीने दोनदा वाचलं. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. गावात त्यांना सगळे ‘घड्याळजी’ म्हणायचे. दुकान बंद झालं, पण मागे शंभरावर घड्याळं उरली: भिंतीवरची, टेबलावरची, गजराची. धाकटीने ती एकेक करून दुरुस्त केली आणि फोनवरच्या लिलावात विकायला काढली. जो जास्त बोली लावेल त्याला घड्याळ, आणि टपालखर्च वेगळा. लिलावातलं तिचं नावच होतं ‘घड्याळजींची मुलगी’. टपालात तिने कधी पैचा नफा घेतला नव्हता. पार्सल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची, काटा जे दाखवेल त्याचा दर बघायची, आणि गिऱ्हाइकाला तोच आकडा कळवायची.

ती दात खाऊन उत्तर टाइप करायला बसली, तोच लिलाव कंपनीचं पत्र येऊन थडकलं. महिनाभरात एकाच स्वरूपाच्या तीन तक्रारी. शनिवारी दुपारी बारापर्यंत खुलासा आला नाही, तर खातं कायमचं बंद. आणि बंद खात्याच्या पानावर, कुणीही बघू शकेल असा शेरा राहील: अवाजवी टपाल आकारणी.

घड्याळजींच्या नावाखाली.

२

काट्यावर संशय घ्यायचा म्हणून तिने साखरेचं एक किलोचं पुडकं ठेवलं. बरोबर एक किलो. दोन पुडकी ठेवली, दोन किलो. काटा सज्जन निघाला.

मग ती बाळाला कडेवर घेऊन तळमजल्यावर गेली. तिथे काउंटरकाकू राहायच्या. बत्तीस वर्षं मोठ्या टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीत बसून निवृत्त झालेल्या. नाकावर चष्मा, जिभेवर धार. त्यांच्या हातात पिशवी दिली की त्या वजन सांगत, आणि भाजीवाले त्यांना टरकून असत.

काकूंनी आधी बाळ हातात घेतलं, “नऊ किलो तीनशे, पण ओल्या लंगोटासकट,” असं जाहीर केलं, आणि मग फोन डोळ्यांजवळ धरला. तिन्ही तक्रारी वाचल्या. तिन्ही फोटो मोठे करकरून बघितले. धाकटी तोवर बोलतच होती. लोकांना फुकट पाहिजे असतं, मरमरून बांधायचं आपण आणि शिव्या खायच्या आपणच, दोन दोन खोक्यांत घालून पाठवते तरी यांची तोंडं वाकडीच.

“दोन खोकी म्हणजे?” काकूंनी विचारलं.

धाकटीने सांगितलं. घड्याळ आधी एका खोक्यात. ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात. मधल्या जागेत कापडाच्या चिंध्या आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठासून भरलेल्या. मागच्या वर्षी दोन घड्याळांच्या काचा फुटून पोहोचल्या, ते पैसे तिने पदरचे भरले, रडली, आणि तेव्हापासून बाहेरचं खोकं आणखी जाड घ्यायला लागली. आतल्या खोक्यावर, चिंध्यांच्या वर, एक कार्ड ठेवायची. लंबक कसा अडकवायचा, चावी किती द्यायची, सगळं स्वतःच्या हाताने लिहिलेलं.

“आणि लोक तेही वाचत नाहीत,” ती फणकारली. “कार्ड समोर ठेवलंय, तरी वर्षभर तेच तेच विचारतात. लंबक कसा लावू, लंबक कसा लावू.”

 काकूंनी बाळाच्या मुठीतून आपला चष्मा सोडवला आणि विचारलं की पार्सलं टपालात टाकतं कोण.

३

पार्सलं दारामागच्या बाकावर ठेवलेली असायची. प्रत्येकाला टपालाचे पैसे पाकिटात घालून चिकटवलेले. बाळ पोटात असल्यापासून धाकटीला घराबाहेर पडणं जमत नव्हतं, आणि नवरा महिन्यातले पंचवीस दिवस ट्रकवर. त्यामुळे ज्याला जमेल तो पार्सल उचलायचा. कधी थोरली जाऊ, कधी धाकटीचा सख्खा मोठा भाऊ, दादा. तो येता-जाता डोकावायचा, बाळाला खेळवायचा आणि निघताना एखादं खोकं काखोटीला मारायचा. पोच म्हणून नाक्यावरच्या पार्सलवाल्याची हाताने लिहिलेली पावती आणून ओट्याजवळच्या तारेला टोचून ठेवायची, एवढाच नियम. कोणती कुणी टोचली, हे कोण बघतंय.

काकूंकडून वर येता येता धाकटीचं डोकं एकाच नावाभोवती फिरत होतं. थोरली. घड्याळांचा पसारा तिला पहिल्यापासून खुपत होता. घर आहे की टिकटिक कारखाना, असं ती पाहुण्यांसमोरही म्हणायची. गेल्या महिन्यात तिने नवा मिक्सर घेतला होता, आणि पैसे कुठून आले ते कुणाला कळलं नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी थोरली शिवणकारखान्यातून आली. तिने चपला काढायच्या आतच धाकटीने तिला दारात गाठलं आणि जे बोलू नये ते सगळं बोलली. पार्सलाचे पैसे मधल्यामध्ये कोण खातं ते आपल्याला कळलंय, म्हणाली. मिक्सरवरही घसरली.

थोरली खाली बसली. घोट्यावर सूज होती, ती हाताने दाबत राहिली.

“मिक्सर भिशीचा आहे,” ती म्हणाली. “आणि तुझी खोकी मी उचलते ती फक्त छोटी, गजराची. सकाळी साडेआठला नाक्यावर टाकते आणि नऊला कारखान्याच्या फाटकात शिरते. एकदा आत गेलं की सहापर्यंत लघवीलासुद्धा टोकन घ्यावं लागतं. चोरी करायची म्हटलं तरी मला वेळ नाही गं, बाई. तू घरी बसून खुशाल संशय घे.”

आवाज चढला नव्हता. म्हणूनच तो लागला. धाकटी आत जाऊन बाळाच्या शेजारी आडवी झाली, आणि रागाचं तोंड आता स्वतःकडेच वळलं होतं.

४

बुधवारी रात्री काकू स्वतःहून वर आल्या. सोबत नुकतंच दुकान बंद केलेला नाक्यावरचा पार्सलवाला होता. काकूंनी त्याला कानाला धरून आणलं नव्हतं, इतकंच. तो बिचारा आल्या आल्या शपथा घ्यायला लागला. टपालात जास्त घेत नाही, बायकोची आण. फोटोतली पार्सलं आपल्या दुकानातून गेलेलीच नाहीत. आपल्याकडची चिठ्ठी वेगळी, नुसत्या रेघांची, तिच्यावर वजनच नसतं.

“खरं बोलतोय तो,” काकू म्हणाल्या. फोटोतली चिठ्ठी मोठ्या कचेरीच्या यंत्रातली होती. नवं यंत्र. एक तारखेपासून वजन, पैसे आणि वेळ छापायला लागलं होतं. त्याआधी तिथेही नुसत्या रेघाच असायच्या.

धाकटीने तारेवरून त्या तीन पार्सलांच्या पावत्या उपसून काढल्या. तिन्हींवर पार्सलवाल्याच्या दुकानाचा शिक्का आणि वजन साडेचार किलो. मग याच्याकडची नाहीत कशी, तिने विचारलं. पार्सलवाल्याने पावत्या उलट्यासुलट्या केल्या. अक्षर आपलं नाही, म्हणाला. पुस्तक मात्र आपलं आहे. शिक्का आधीच मारून ठेवलेलं एक कोरं पुस्तक गेल्या वर्षी गल्ल्याजवळून गायब झालं होतं. शंभर पानांचं. किरकोळ गोष्ट म्हणून त्याने बोंब मारली नव्हती.

काकूंनी तार उलटी केली आणि चौदा महिन्यांच्या पावत्या जमिनीवर पसरल्या. बाळाला थोरलीकडे दिलं, नाहीतर त्याने पुरावाच खाल्ला असता. मग त्या नंबर वाचत गेल्या. थोरलीच्या पावत्या दर वेळी शेकड्यांनी पुढे उडत होत्या, कारण मधल्या दिवसांत दुकानात इतर गिऱ्हाइकं होतीच. पण एक दुसरी रांग होती. सातशे एक. आठ दिवसांनी सातशे दोन. पंधरवड्याने सातशे तीन. मध्ये एकही नंबर दुसऱ्या कुणाला गेला नव्हता. अशी पावती दुकानात फाटत नाही. ती एकाच माणसाच्या खिशातल्या पुस्तकातून फाटते.

रांग सातशे अडतीसवर थांबली.

“अडतीस पार्सलं?” धाकटीने विचारलं. “पण तक्रारी तर तीनच आहेत.”

“तक्रारी या महिन्यात सुरू झाल्या, पोरी,” काकू म्हणाल्या. “चोरी नाही.”

५

मग काकूंनी ते सगळं एकेक करून तिच्यासमोर मांडलं, खिडकीत बसून गिऱ्हाइकाला दर समजावावा तसं.

घरून निघताना पार्सल साडेचार किलोचं. मोठ्या कचेरीच्या काट्यावर तीन. पोहोचल्यावर आत घड्याळ पूर्ण, एक खिळा कमी नाही. मग दीड किलो गेलं कुठे? जे गेलं तरी गिऱ्हाइकाला कळणार नाही, असं त्या पार्सलात एकच होतं: बाहेरचं खोकं आणि चिंध्या. वाटेत कुणीतरी मोठं खोकं उघडत होतं, आतलं तेवढं काढून, त्यावर पत्ता चिकटवून तेच टपालात टाकत होतं, आणि दोन वजनांच्या दरांमधला फरक खिशात घालत होतं. मागच्या वर्षीच्या काचा म्हणूनच फुटल्या. धाकटीची बांधणी कच्ची नव्हती. तिचं घड्याळ अर्धनग्न प्रवास करत होतं.

आणि बाहेरच्या खोक्याबरोबर कार्डही जात होतं. लोक कार्ड वाचत नव्हते असं नाही. लोकांना ते मिळतच नव्हतं. लंबक कसा लावू, हा पहिला प्रश्न कधी आला ते बघ, असं काकूंनी सांगितलं. धाकटीने फोनवर जुने निरोप मागे मागे नेले. चौदा महिने. सातशे एक नंबरच्या पावतीनंतर पाच दिवसांनी.

काचा फुटल्या म्हणून तिने खोकं आणखी जड केलं होतं. म्हणजे चोराची वरकमाई तिने आपल्या हाताने वाढवली होती. 

“आता शेवटचं,” काकू म्हणाल्या, आणि फोटोंवर बोट ठेवलं. “वेळ बघ. दोन वाजून बारा मिनिटं. दोन वाजून नऊ. दोन वाजून चौदा. ही तुझी जाऊ तेव्हा फाटकाच्या आत असते. हा पार्सलवाला दुकान सोडून जाऊ शकत नाही, एकटाच बसतो. मोठ्या कचेरीसमोर दुपारी दोनला कोण सुटतं, ते मला माहीत नाही. तुला माहीत असेल.”

धाकटीला माहीत होतं. मोठ्या कचेरीसमोर पावाचा कारखाना होता. त्याची पहिली पाळी दोनला सुटायची. आणि त्या पाळीत भट्टीवर उभा असायचा तिचा दादा.

थोरली बाळाला थोपटत दारात उभी होती.  धाकटीला तिच्याकडे बघवेना. ती उठली, थोरलीच्या पायाशी जाऊन बसली आणि तिचा सुजलेला घोटा चोळायला लागली. थोरली म्हणाली की आता पुरे, गुदगुल्या होतात.

६

गुरुवारी दुपारी अडीचला दादा आला. अंगाला पावाचा वास, बाळासाठी खिशात खुळखुळा. दारामागचं खोकं उचलायला वाकला, तर तिथे खोकं नव्हतं. बाकावर अडतीस पावत्या ओळीने मांडलेल्या होत्या, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला काकू बसल्या होत्या.

आधी तो हसला. मग पार्सलवाल्याला शिव्या घातल्या, तो माणूस पहिल्यापासून लबाड, म्हणाला. मग काकूंनी एक पावती उचलून त्याच्याच हाताने तिच्यामागे ‘साडेचार किलो’ लिहायला सांगितलं. त्याने पेन हातात घेतलं आणि लिहिलं नाही.

नंतर तो जे बोलला ते लाजून नव्हे, चिडून बोलला. घड्याळं बाबांची होती. तो थोरला मुलगा. भट्टीपुढे होरपळतो तो, आणि इथे बहीण सावलीत बसून एकेक घड्याळ विकते, पैसे तिच्या खात्यात. कधी विचारलंस का, दादा तुला काय हवंय? पोराच्या बाळंतपणात धावपळ कुणी केली? थोडा वाटखर्च ठेवून घेतला तर काय आकाश कोसळलं? तिचं तर काहीच गेलं नव्हतं. गिऱ्हाइकांनीच दिले होते.

धाकटी ऐकत होती. 

“वाटा हवा होता तर माझ्याकडे मागायचास,” ती म्हणाली. “मी भांडले असते, पण दिला असता. तू तो परक्यांच्या खिशातून काढलास. आणि पावती बाबांच्या नावाने फाडलीस.”

दादाची मान पहिल्यांदा खाली गेली. मग तो हळू आवाजात म्हणाला की झालं ते झालं. कंपनीला लिही, पार्सलवाल्याने घोळ घातला. त्याचंच पुस्तक आहे, शिक्का आहे. कुणाला कळणार आहे? खातं वाचेल, घरची गोष्ट घरात राहील.

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. धाकटीला वाटलं, एवढा वेळ आपल्याला राग आला होता असं आपण समजत होतो, खरा राग आत्ता आला. परवा याच घरात तिने एका निर्दोष बाईला चोर ठरवलं होतं. पुन्हा एकदा नाही. तिने त्याच्यासमोर फोन उघडला आणि कंपनीला लिहिलं: टपालातली तफावत खरी आहे. ती माझ्या सख्ख्या भावाने केली. पार्सलं तीन नाहीत, अडतीस आहेत. सोबत पावत्यांचे फोटो आहेत. प्रत्येकाचा फरक परत जाईल. यापुढे पार्सल बंद केल्यावर काट्यावर ठेवून फोटो काढीन, तो गिऱ्हाइकाला पाठवीन, आणि टपालात मी स्वतः टाकीन. खातं ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

पाठवण्याच्या बटणावर अंगठा टेकवताना तिने दादाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित टेकवला नसता.

७

शनिवारी बाराला दहा मिनिटं कमी असताना उत्तर आलं. तुम्ही सांगितलं नसतंत तर आम्हाला तीनच माहीत होती, असं कंपनीच्या बाईने लिहिलं होतं. अडतीस जणांचे पैसे परत गेल्याचा पुरावा महिन्याभरात द्यायचा. तोवर लिलाव थांबलेले राहतील. खातं राहील. शेरा लागणार नाही.

धाकटी तेव्हा कुठे रडली. त्या दिवशी सुट्टी काढलेल्या थोरलीने बाळाला उचललं आणि ती जवळ उभी राहिली.

रविवारी तिने दादाला बोलावून घेतलं. येईल की नाही याची खात्री नव्हती, पण आला. दाढी वाढलेली, आणि हातात एक पाकीट. भट्टीवरच्या जादा पाळ्यांची उचल घेऊन आला होता. ते त्याने बाकावर ठेवलं आणि उभाच राहिला.

उरलेली सगळी घड्याळं धाकटीने जमिनीवर काढून ठेवली होती. एकसष्ट भरली. तिने मधोमध सुतळी टाकली आणि एक डावीकडे, एक उजवीकडे अशी वाटायला सुरुवात केली. चांगलं-वाईट निवडलं नाही. शेवटचं एक उरलं, तेही तिने त्याच्या बाजूला सरकवलं.

“हा तुझा वाटा,” ती म्हणाली. “घेऊन जा, वीक, भिंतीवर लाव, काय वाटेल ते कर.”

दादाने ते शेवटचं घड्याळ उचलून पुन्हा खाली ठेवलं. मग चाचरत विचारलं, विकायची झाली तर नाव कोणतं लावू. तोही घड्याळजींचाच मुलगा होता, तेवढं तरी लावू देशील ना.

“लाव की,” धाकटी म्हणाली. “मी कोण अडवणार? पण आधी त्या अडतीस जणांना कळू दे, तो मुलगा काय करत होता.”

तिने फोन घेतला. यादीतला पहिला नंबर लावला, सातशे एकवाला, आणि फोन त्याच्या हातात दिला. पलीकडे घंटा वाजत होती. बाळ घड्याळांच्या दोन ढिगांमधून रांगत आलं आणि मामाच्या पायाला धरून उभं राहिलं. दादाने बाळाकडे बघितलंच नाही.

कुणीतरी फोन उचलला. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज, कोण बोलतंय म्हणून विचारणारा.

 बाईने पुन्हा विचारलं. धाकटी समोर उभी होती, हाताची घडी घालून, आणि तिला मुळीच घाई नव्हती.

“मी घड्याळजींचा मुलगा,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज तिथेच फुटला.